ताईच्या घराचं प्रकरण: रेल्वे लाईन, बाळे, होटगी रोड की जुळे सोलापूर?

सोलापुरात घरं महाग झालीत असं म्हटलं की पुण्यातला आमचा चुलतभाऊ हसतो. आमच्या वाकडच्या टू बीएचकेच्या पैशात तुमच्याकडं दोन येतात की रे, म्हणतो. येत असतील बाबा, पण तुझा पगार पण वाकडचाच आहे ना, इथं झेडपीची मास्तरीण नि चिंचोळी एमआयडीसीतला सुपरवायझर अशा दोन पगारांत घर बसवायला गेलं की सोलापूर पण मुंबईच वाटायला लागतं. तर हे प्रकरण माझ्या ताईच्या घराचं. जून २०२५ ते नोव्हेंबर २०२५, सहा महिने, चार भाग, सतरा घरं, आणि दाजींशी माझं दोनदा वाजलं. लिहून काढतोय कारण ऑफिसात अजून तिघं याच चक्करमध्ये आहेत नि प्रत्येकाला पहिल्यापासनं सांगून माझं तोंड दुखायलंय.

आधी माणसं कळली पाहिजेत, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. ताई ४५ वर्षांची, तिची शाळा विजापूर रोडला मंद्रूपच्या पुढं. दाजी ४९ चे, रोज पुणे रोडनं चिंचोळीला जाणार, म्हणजे नवरा-बायको सकाळी घरातनं निघाले की एकाचं तोंड उत्तरेला नि एकाचं दक्षिणेला. पोरगा नववीत, शाळा पार्क चौकाच्या बाजूला, क्लास सात रस्त्याला. आणि ताईच्या सासूबाई, वय ७१, आम्ही सगळेच त्यांना आत्या म्हणतो. लग्न होऊन आल्यापासनं आत्या उत्तर कसब्यात, वाड्यातल्या तीन खोल्या नि वर माळा, हिरेहब्बू वाडा चार पावलांवर. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, सातही नंदीध्वज (मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या) तिथनं निघतात त्यामुळं संक्रांतीच्या आसपास यांच्या घरी पाय ठेवायला जागा नसायची, कोण कुणाचा पाहुणा तेच कळायचं नाही.

तो वाडा एप्रिलमध्ये विकला. भाऊबंद सहा, भिंतीला पोपडे, एका पावसात मागची बाजू बसली, मग काय करणार. आत्यांच्या वाट्याला ३८ लाख आले. दाजींनी हक्कसोड आधीच करून दिलेलं होतं म्हणून पैसे सरळ आत्यांच्याच खात्यावर. वर २०-२२ लाखांचं कर्ज काढायची तयारी. सगळं धरून ६० लाख, आणि त्यात दस्ताचा खर्च पण बसवायचा.

मी अकाउंटचं काम करतो त्यामुळं एक्सेल माझ्याकडं आलं. चौदा कॉलम. भाव, कार्पेट (म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा), पाणी, दाजींची ड्युटी, ताईची शाळा, पोराची शाळा, दवाखाना, भाजी मंडई, पार्किंग, रस्ता, लाईट, कागद, शेजार, आणि पुढं विकायला गेलं तर किती येतील. प्रत्येक भागाला प्रत्येक कॉलममध्ये दहापैकी मार्क. मला वाटलं झालं काम, बेरीज जिथं जास्त तिथं घर. हे चौदा कॉलमच सगळ्या भांडणाचं मूळ निघालं, ते पुढं येईल.

पहिला नंबर रेल्वे लाईनचा. सोलापुरात कुणालाही विचारा चांगला एरिया कुठला, तर रेल्वे लाईन, सात रस्ता, मोदी, अंत्रोळीकर नगर हीच नावं येतात. स्टेशन जवळ, हुतात्मा एक्सप्रेसला सकाळी चालत जाता येतं, आता मुंबईची वंदे भारत पण आहे २०२३ पासनं, डॉक्टर लोकांची सगळी हॉस्पिटलं त्याच पट्ट्यात, जुनी झाडं, रस्ते रुंद. दाजींना तिथंच घ्यायचं होतं, आणि खरं कारण ते कधी बोलले नाहीत पण मला माहिताय, उत्तर कसब्यातनं रेल्वे लाईनला गेलं म्हणजे माणूस वर चढला असं आपल्याकडं समजतात. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग १९९८ ची, मागणी ६४ लाख. एजंटनं सांगितलं ९८० स्क्वेअर फूट. मी टेप घेऊन गेलो होतो, एजंटचं तोंड तेव्हाच वाकडं झालं. भिंत ते भिंत मोजलं, बाल्कनी सोडून ६९० भरलं. म्हणजे तो ६,५०० चा भाव सांगत होता तो प्रत्यक्षात ९,३०० च्या जवळ जायलाय. आता रेरा, म्हणजे बिल्डरांवरचा कायदा, आल्यापासनं नवीन बिल्डिंगमध्ये कार्पेटवरच विकावं लागतं पण जुन्या रिसेलला अजून सगळे जुन्याच भाषेत बोलतात, त्यामुळं दोन भागांचे भाव एकमेकांशी लावायचे असतील तर टेप घेऊन जाणं आलंच. ते न करता माझ्या एक्सेलमधला पहिला आठवडा पूर्ण फुकट गेला, सफरचंदाचा भाव नि कलिंगडाचा भाव शेजारी शेजारी लिहिलेला.

कागद बघितले तर सोसायटी रजिस्टरच नाही, डिक्लरेशन डीड (अपार्टमेंट म्हणून नोंदवलेला दस्त) पण नाही, जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर. सत्तावीस वर्षं लोक राहतायत तिथं नि कुणाला काही अडलेलं नाही, हे पण खरं. पण बँकेचा माणूस येऊन व्हॅल्युएशन करून गेला ते ५५ लाख. बँक एजंटच्या मागणीवर कर्ज देत नाही, स्वतःच्या व्हॅल्युएशनवर देते, वरचा फरक तुमच्या खिशातनं. दाजी म्हणाले घासाघीस करू. मी म्हटलं ठीक आहे, तोवर बाकीचे बघू.

बाळे. हे चिंचोळीसाठी म्हणून. पुणे रोडला, दाजींची ड्युटी पंधरा-वीस मिनिटांवर, आणि तिथं रो हाऊस बघितलं, अंगण, वर गच्ची, ४७ लाख. ताईला बघताक्षणी आवडलं, तुळस कुठं ठेवायची इथपर्यंत बोलणं गेलं. खंडोबाचं देऊळ जवळ, चंपाषष्ठीला यात्रा, मार्गशीर्षातल्या रविवारी गर्दी, पण आम्ही गड्ड्याची माणसं, गर्दीचं काय नवल. मग मी कागद मागितले. प्लॉट गुंठेवारीतला. एनए (बिगरशेती) नाही, लेआउट मंजूर नाही, कुणीतरी शेताचे तुकडे पाडून नोटरीवर विकलेले. एजंट म्हणतो, "काय घाबरता साहेब, गुंठेवारी रेग्युलर होतीय की, कायदाच हाय." कायदा आहे, २००१ चा, आणि २०२१ ला त्यात दुरुस्ती पण झाली, पण ती ३१ डिसेंबर २०२० च्या आधीच्या बांधकामांना. हे घर बांधलंय २०२२ ला. बँकेनं फाईल तीन दिवसांत परत दिली. १९९२ ला हद्दवाढ झाली तेव्हा आजूबाजूची गावं शहरात आली, बाळे, केगाव, शेळगी, सोरेगाव, मजरेवाडी वगैरे, आणि तेव्हापासनं हा गोंधळ आहे की शहर तर झालं पण कागद बऱ्याच ठिकाणी शेताचेच राहिले. हद्दवाढ भागात सगळंच वाईट असं नाही हां, लेआउट मंजूर असलेले प्लॉट भरपूर आहेत, पण गल्ली तीच नि ह्या प्लॉटला आहे, शेजारच्याला नाही, असं असतं. ताई आठवडाभर बोलली नाही माझ्याशी.

होटगी रोड मी पटकन उरकतो कारण आम्ही पण पटकन उरकला. विमानांच्या आड येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, आणि बरोबर त्याच महिन्यात आम्ही घर बघायला बाहेर पडलो. नशीब म्हणायचं. प्रत्येक एजंटच्या तोंडी एअरपोर्ट. अहो पण आमच्या घरातलं कोण विमानानं जाणाराय? आत्या? वर विमानतळाजवळ मजले वाढवायला उंचीची परवानगी लागते त्यामुळं एक बिल्डर जे वरचे दोन मजले बुकिंगला दाखवत होता ते होणार का नाही हेच कळेना. सोडून दिलं.

राहिलं जुळे सोलापूर. आम्ही वाडेवाले लोक जुळे सोलापूरला अजून 'लांब' म्हणतो, जसं काही विजापूर जिल्ह्यातच आहे, पण गावठाणातनं उठलेली निम्मी माणसं आता तिथंच राहतात. कागदावर बऱ्याच ठिकाणी अजून मजरेवाडीच दिसतं. डी-मार्ट आहे, शाळा आहेत, बागा, संध्याकाळी वॉकिंगवाल्यांची जत्रा. विजापूर रोड आणि होटगी रोड दोन्हीकडनं जाता येतं पण आसरा पुलावर संध्याकाळी अडकला की मग बसा हॉर्न ऐकत. तिथं आधी एक नवीन स्कीम बघितली, ५१ लाख, रेरा कार्पेट ६४०, ताबा चौदा महिन्यांनी. नंबर टाकून महारेराच्या साईटवर बघितलं तर कागद सगळे सरळ. पण बांधकाम चालू म्हणजे जीएसटी ५ टक्के, अडीच लाख तिथंच वाढले. ४५ लाखांच्या आत बसलं असतं तर १ टक्का लागला असता, आणि तयार घर, वापर परवाना मिळालेलं, त्याला जीएसटीच नाही. शिवाय चौदा महिने भाड्यानं राहायचं, ते भाडं माझ्या एक्सेलमध्ये कुठंच नव्हतं.

इथपर्यंत ऑगस्ट संपला. बेरीज काढली तर रेल्वे लाईन पहिली, जुळे सोलापूर दोन मार्कांनी मागं. दाजी खूश. मी पण म्हटलं चला, आकडे बोलतायत.

मग पोरगा माझ्या खांद्यावरनं स्क्रीनकडं बघत होता, तो म्हणाला, "मामा, माझ्या शाळेला रेल्वे लाईनला दहापैकी दहा दिलायस, पण मी दोन वर्षांनी तिथं कुठं असणाराय?"

आयला. खरंच की. दहावीची परीक्षा मार्च २०२७, पुढं अकरावी-बारावी कुठं जाईल माहीत नाही, त्यानंतर बहुतेक पुणं. म्हणजे ज्या कॉलमच्या जोरावर रेल्वे लाईन पुढं होतं तो दीड वर्षात मरणार होता, आणि कर्ज बारा वर्षांचं. त्या रात्री मी प्रत्येक कॉलमपुढं अजून एक कॉलम टाकला, 'मुदत'. हे कारण अजून किती वर्षं टिकणार? पोराची शाळा, २०२७. दाजींची ड्युटी, ५८ ला रिटायर म्हणजे २०३४, तेही कंपनी तिथंच राहिली तर. ताईची शाळा, बदली होईपर्यंत, आणि झेडपीच्या बदल्या म्हणजे काय ते मास्तर लोकांना विचारा, सोप्या क्षेत्रातनं अवघड क्षेत्रात कधी टाकतील नेम नाही. पाणी, कायम. कागद, कायम. दवाखाना, कायम आणि दरवर्षी जास्तच. म्हणजे ज्या गोष्टींवर आम्ही तीन महिने भांडत होतो त्या सगळ्या मुदतीच्या, आणि ज्या कायमच्या त्यांना आम्ही पाच-सहा मार्क देऊन पुढं गेलेलो.

आणि मग दिसलं की आत्यांचा कॉलमच नाही. चौदा कॉलम, त्यात घरात दिवसभर राहणारं एकमेव माणूस कुठंच नाही. पैसे मात्र त्यांचेच. मी तसं बोललो तर आत्या चहा गाळत होत्या, हसून म्हणाल्या, "माझ्या पुढं काय मुदत टाकतोस रे?" कुणीच काही बोललं नाही. मी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या आठवड्यात सीएकडं गेलो तेव्हा अजून एक गाठ सुटली किंवा बसली म्हणा. वाडा विकून जो नफा झाला त्यावर आयकर लागतो, तो वाचवायचा तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५४ खाली दोन वर्षांत घर घ्यायचं किंवा तीन वर्षांत बांधायचं. पण नवं घर वाडा विकणाऱ्याच्याच नावावर पाहिजे. विकणाऱ्या आत्या. म्हणजे नवीन घर आत्यांच्या नावावर, दाजींच्या नाही. दाजींनी चष्मा काढून पुसला. सीए पुढं म्हणाले, आणि जर बाकीचं नाव फक्त सुनेचं घातलंत, म्हणजे दोघी बायकाच, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट. सोलापूर शहरात एरवी ६ टक्के, बायकांना ५. पुरुषाचं एक नाव जरी आत आलं तरी सूट गेली. कर्जाला दाजी सहकर्जदार म्हणून चालतील, पण घरात मालकी नसेल तर व्याजावरची आयकर सवलत त्यांना नाही, ती ताईला. हिशोब करून बघितला, सगळ्या बाजूंनी बायकांच्याच नावावर फायद्याचं. दाजी बाहेर आल्यावर गाडीला किक मारता मारता म्हणाले, "म्हणजे मी आता भाडेकरू का?" आम्ही हसलो पण त्यांना ते लागलं होतं, त्या संध्याकाळचं भांडण त्याच्यातनंच आलं, निमित्त पार्किंगचं होतं.

सप्टेंबरात पाऊस आला. त्या पावसानं एजंट जे सहा महिन्यांत सांगणार नाही ते दोन रात्रीत दाखवलं. शहरात नाल्याकाठच्या कितीतरी वस्त्यांत पाणी शिरलं, आणि मग सीना नदीला पूर आला तो वेगळाच, वडकबाळला विजापूर हायवे बंद, लांबोटीला पुणे हायवे बंद. ताईला शाळेला जाताच येईना. मी नि पोरगा रेनकोट घालून बघितलेल्या घरांच्या गल्ल्या फिरलो. रेल्वे लाईनच्या त्या बिल्डिंगचं पार्किंग कोरडं. जुळे सोलापुरातल्या एका बंगल्याच्या दारात गुडघाभर, तो आधी कोरड्यात बघितला तेव्हा नाला म्हणजे झुडपांची रांग दिसत होती फक्त. ज्याला घर घ्यायचंय त्यानं एक पाऊस जाऊ द्यावा, मी तर म्हणतो टोकनच पावसाळ्यात द्यावं.

आता पाणी. सोलापुरात राहणाऱ्याला मी काय सांगू, चार-पाच दिवसांनी एकदा नळ, अख्खं आयुष्य पाण्याच्या वाराभोवती फिरतं, लग्नाची तारीख काढताना पण बायका विचारतात त्या दिवशी पाणी आहे का. उजनी धरणाचं पाणी पाकणीला शुद्ध होऊन येतं, टाकळीचं म्हणजे भीमेचं सोरेगावला, हिप्परगा तलावाचं भवानी पेठेत. आणि समांतर जलवाहिनी, उजनीपासनं ११० किलोमीटर, १७० एमएलडीची म्हणजे दिवसाला १७ कोटी लिटरची, ती एजंट लोकांची आवडती गोष्ट, "आता रोज पाणी साहेब." अरे पण पाणी शहराच्या वेशीपर्यंत आलं म्हणजे तुझ्या नळाला आलं का? आतल्या टाक्या, आतल्या लाईनी, त्यांचं काय. म्हणून मी ठरवलं की आवडलेल्या प्रत्येक घरी एकदा पाण्याच्या वारी जायचं.

जुळे सोलापुरात तो वार पहाटेचा निघाला. साडेपाचला मी नि आत्या. आत्या का, तर घरी एकट्या बसून कंटाळल्या होत्या, चल म्हणाल्या मी पण येते. गल्लीच्या तोंडाला चावीवाला, म्हणजे नळाचं पाणी सोडणारा माणूस, आला, लुनावर, मागं ती लांब टी आकाराची लोखंडी चावी बांधलेली. त्यानं झाकण बाजूला केलं, खाली गुडघे टेकले, आत चावी बसवली नि फिरवायला लागला, तोंडानं मोजत. आत्या जवळ जाऊन उभ्या. बावीस का तेवीस फेऱ्या झाल्यावर आतनं घर्र आवाज आला आणि गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या. आत्यांनी सरळ विचारलं, "बाळा, इथं पाणी चांगलं येतंय का?" मी इतके महिने एजंटांना फिरवून फिरवून हाच प्रश्न विचारत होतो.

तो म्हणाला, "मावशी, ह्या चार गल्ल्यांना टाकी जवळ हाय, तीन तास प्रेशरनं येतंय, मोटार नाही लावली तरी हौद भरतंय. तिकडं पलीकडं, ते नवीन स्कीम झालंय ना, ते लाईनीचं शेवट हाय. तिकडं माझंच घर हाय. आम्ही टँकर मागवतो."

आम्ही जी ५१ लाखांची नवीन स्कीम बघितली होती ती हीच. दोन्हींत अंतर चारशे मीटर पण नसेल. नगर एक, पिनकोड एक, एक्सेलमध्ये पाण्याचे मार्क दोन्हींना सात. म्हणजे भागाभागांची तुलना करत बसलो होतो आणि खरा फरक गल्ली-गल्लीत होता.

मी त्याला विचारलं ह्या चार गल्ल्यांत कुठलं घर विकायला आहे का. त्याला माहीत होतं. चावीवाल्याला सगळं माहीत असतं, कोण पुण्याला पोराकडं गेलंय, कुणाचा नळ दोन महिने बंद आहे. असंच एक, पहिला मजला, बिल्डिंग सात वर्षांची, मालक पुण्याला गेलेले, कुठल्याच एजंटकडं नव्हतं. सांगायला १,०५०, टेपनं ७६०. मागणी ५८ होती, ५४ ला तुटलं. सोसायटी रजिस्टर, वापर परवाना हातात, बोअर पण आहे. वकिलाकडनं मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च काढला, सोसायटीची थकबाकी १४ हजार निघाली ती मालकानं भरली. दस्त रेडी रेकनर (सरकारी दर) किंवा सौद्याची रक्कम यातलं जे जास्त त्यावर होतो, इथं सौद्याची जास्त होती, त्यावर ५ टक्के म्हणजे २ लाख ७० हजार, नोंदणी फी ३० हजार कारण ३० लाखांच्या वर कितीही असलं तरी तेवढीच. कर्ज २२ लाख, बारा वर्षं, हप्ता जवळपास २४ हजार. दस्तावर आत्यांचा अंगठा मशीनवर उमटेना, भाकरी थापून थापून रेषाच राहिल्या नाहीत, चार वेळा पुसून लावला तेव्हा घेतला.

दाजी कसे तयार झाले हे मला पूर्ण माहीत नाही. रेल्वे लाईनवाला ६१ पर्यंत आला होता, आणि दाजींची ड्युटी तिथनंच सोपी होती. मी मुदतीचा कॉलम धरून हिशोब दाखवला तर तुझं ते एक्सेल ठेव म्हणाले. मला वाटतं त्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे ते जुळे सोलापूरचं घर बघायला गेलो होतो तेव्हा काहीतरी झालं. खाली बाकावर दोन बायका बसलेल्या, त्यातली एक उत्तर कसब्यातलीच निघाली, आत्यांच्या वाड्यामागची, सात वर्षांपूर्वी इकडं आलेली. आम्ही वर भिंती ठोकून बघत होतो, नळ सोडून बघत होतो, खाली आलो तर आत्या बाकावर मांडी घालून बसलेल्या आणि विषय शेंगाच्या चटणीच्या तिखटावर गेलेला. रेल्वे लाईनला आम्ही तीनदा गेलो, तिन्ही वेळा जिन्यात एक माणूस भेटलं नाही. दाजी हे सगळं बघत गाडीला टेकून उभे होते.

आत्यांनी स्वतः मत दिलं ते एकदाच, नि ते पण देवळाबद्दल. मी म्हटलं आत्या, रेल्वे लाईनवरनं सिद्धेश्वराचं देऊळ जवळ पडलं असतं. त्या म्हणाल्या, "देवळाला मी आठवड्यातनं एकदा जाते, तुम्हालाच वाटतंय रोज जाते."

डिसेंबरात राहायला गेले. दाजी केगाव–हत्तूर बायपासनं जातात, अंतर वाढलं पण गावातली जड वाहतूक चुकते, तरी पेट्रोलचं रोज एकदा बोलून दाखवतात. पश्चिमेची खोली आहे ती मे महिन्यात तव्यासारखी तापणार हे आम्हाला घेताना माहीत होतं, ती पोराला दिलीय, तो तसाही जाणाराय. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून नावावर झालेलं नाही, सेक्रेटरी पुढच्या मीटिंगला करू म्हणतात. आसरा पूल आहे तसाच आहे.

गड्ड्याला आत्या आदल्या दिवशीच उत्तर कसब्यात जाऊन राहिल्या, जाऊबाईंच्या भाड्याच्या खोलीत. सकाळी मी गेलो तर वाड्याच्या जागी चारी बाजूंनी पत्रे ठोकलेले, आतमध्ये जेसीबी. आणि त्या पत्र्यांसमोर सडा टाकून रांगोळी काढलेली, जिथं उंबरा होता बरोबर तिथं. नंदीध्वज येऊन गेले, त्यांनी पाया पडून घेतलं, जाऊबाई राहा म्हणत होत्या अजून एक दिवस. पण रिक्षा बोलावायला लावली, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी होतं.